सोलापूर पूर्व भागातली महापालिका शाळा: पट घसरतोय, वाचन कच्चं, पालकांचं काम बदलतंय. तीन वर्षांच्या आराखड्यात आधी काय धरावं?

शाव्यस_पूर्वभाग

नमस्कार. पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीला लिहायचा आहे. जाणकारांचं मत हवंय.

परिस्थिती अशी. पहिली ते सातवी, पट १३८. त्यात पहिली ते पाचवी ९१ आणि सहावी-सातवी ४७. शिक्षक पाच. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. वडील यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. आया विड्या वळतात. अलीकडे काही जणी शिलाईच्या कारखान्यात जायला लागल्या आहेत. साधे माग भंगारात जातायत, आणि रॅपियर (नवे, वेगवान माग) आले तिथे माणसं कमी लागतात. गिरण्या बंद झाल्यावरही पूर्व भाग तगला तो माग आणि विडीवर. आता दोन्हींत काम कमी होतंय, आणि काही कुटुंबं शहराबाहेर कुंभारीच्या रे नगर या कामगारांच्या घरकुल वसाहतीत राहायला गेली आहेत.

तिसरी ते सातवीच्या १०१ मुलांचं वाचन एकेकाला समोर बसवून तपासलं. सोपी गोष्ट वाचणारी २६, परिच्छेदापर्यंत येणारी २८, सुटे शब्द वाचणारी २५, अक्षरांवर किंवा त्याच्याही मागे २२.

बैठकीत आलेल्या सूचना: स्मार्ट बोर्ड, भिंतींची रंगरंगोटी, सेमी इंग्रजी, आणि सातवीच्या मुलांना शिवणकाम किंवा मागाचं प्रशिक्षण. सगळं एकदम जमणार नाही. क्रम कसा लावावा, आणि या गोष्टी कुठे फसतात?

वाचनगट

तुमचे आकडेच क्रम सांगतायत. १०१ पैकी ४७ मुलांना परिच्छेद वाचता येत नाही. त्यांच्या हाती भूगोलाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक दिलं तरी ते त्यांच्यासाठी बंदच आहे. म्हणून पहिल्या वर्षाचं पहिलं कलम: रोज ७५ मिनिटं, तिसरी ते सातवीचे वर्ग मोडून, इयत्ता न पाहता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट. बाकी सगळं त्यानंतर.

पाच शिक्षकांत हे असं बसतं. पहिली-दुसरीची ३७ मुलं एका शिक्षकाकडे. उरलेल्या चौघांकडे चार गट. इथे पहिली चूक हमखास होते: सर्वात अनुभवी शिक्षक गोष्टवाल्या गटाला दिला जातो, कारण तिथे निकाल दिसतो. उलट करा. अक्षरांवर अडलेल्या २२ जणांना सर्वात चांगला शिक्षक द्या आणि मदतीला वस्तीतली बारावी झालेली एखादी मुलगी जोडा. गोष्टवाला गट स्वतः वाचू शकतो. त्यांना पुस्तकं, लिहायचं काम आणि अधूनमधून एक फेरी पुरते.

खालच्या गटाची ७५ मिनिटं अशी पाडा. १० मिनिटं गप्पा. विषय त्यांच्याच गल्लीतला: पाण्याचा टँकर, मार्कंडेय रथोत्सव, काल बंद पडलेला माग. मग १५ मिनिटं शिक्षकांनी गोष्ट मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकाने आपल्या कागदावर बोट फिरवत ऐकायचं. १५ मिनिटं बाराखडीचा तक्ता, पण रांगेने घोकायचं नाही. ‘का’ सापडला, मग ‘म’ शोधा, दोन्ही जोडून ‘काम’ कसं होईल ते शोधा. १५ मिनिटं जमिनीवर खडूने चौकटी आखून शब्दांचे खेळ. शेवटची २० मिनिटं लिहिणं: मनात येईल ते आधी बोलायचं, मग तेच लिहायचं, चुका असल्या तरी. लाल पेन त्या वेळी खिशात ठेवा.

दर दहा शाळा-दिवसांनी पुन्हा एकेकाला वाचायला लावा. जो पुढे गेला त्याला त्याच दिवशी वरच्या गटात बसवा. महिना संपायची वाट पाहिली की मूल त्या गटाचं नाव कपाळावर घेऊन फिरतं. गटांना ‘हुशार’, ‘कच्चा’ म्हणू नका. झाडांची, रंगांची नावं द्या.

ही रीत नवी नाही. ‘प्रथम’ या संस्थेने २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखीचं (वस्तीतल्या तरुणींनी मुलांना शिकवण्याचं) काम केलं, तेव्हा मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवण्याचा फायदा मोजला गेला. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात नेहमीच्याच शिक्षकांनी रोज एक तास पातळीप्रमाणे गट केले, तिथेही भाषेत फरक दिसला. पण बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य देऊन ‘नेहमीच्या तासिकेत वापरा’ म्हटलं, तिथे नुसत्या त्याने फारसं काही हललं नाही. फरक पडला तो वेळापत्रकात राखून ठेवलेल्या तासाने. म्हणून आराखड्यात ‘वाचनावर भर’ असं लिहू नका. ‘रोज ११ ते १२.१५ गटवाचन, या वेळेत दुसरं कोणतंही काम नाही’ असं लिहा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या.

हा तास कोण खातं तेही सांगून ठेवतो. मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, स्पर्धांच्या तालमी, आणि चाचणी परीक्षेआधीचे पंधरा दिवस. एक शिक्षक बाहेर गेला तर त्याचा गट दुसऱ्यात मिसळायचा, पण तास रद्द करायचा नाही. आणि गणित विसरू नका. तीच पद्धत: एक ते नऊ ओळखणं, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. वाचनाचे ३० दिवस झाले की आठवड्यातले दोन दिवस गणिताला.

स्मार्ट बोर्डबद्दल: ज्याला ‘पाऊस’ वाचता येत नाही त्याला पडद्यावर मोठ्या अक्षरातला ‘पाऊस’ही वाचता येत नाही. तो खर्च तिसऱ्या वर्षावर ढकला.

दोन_भाषा

वरच्या उत्तरात एक जोड हवी. तेलुगू घरातल्या मुलांचं ‘वाचन कच्चं’ म्हणून नोंदवलेलं बरंचसं मुळात मराठी ऐकून समजण्यातलं कच्चेपण असतं. दोन्हींवर उपाय वेगळे. तपासताना त्याच मुलाला तीच गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारा, उत्तर तेलुगूत चालेल. ऐकूनही समजत नसेल तर आधी बोलण्याचं काम, अक्षरांचं नंतर. ऐकून समजतं पण वाचता येत नाही, तर गटवाचन.

वाक्याचा क्रम दोन्ही भाषांत सारखा, क्रियापद शेवटी. शब्दाच्या मागे प्रत्यय लावायची सवयही तीच. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक तेलुगूत जसाच्या तसा आहे: ‘मनम्’ आणि ‘मेमु’. हिंदी बोलणारं मूल इथे अडखळतं, तेलुगू मुलाला फक्त जोडी दाखवायची. हे भांडवल वापरा.

अडचण तीन ठिकाणी येते. पहिली लिंगाची. तेलुगूत ‘अदि’ हा एकच शब्द बाईलाही लागतो आणि वस्तूलाही. तिथे मराठीत तो-ती-ते अशी तीन दारं उघडतात आणि टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे कोणत्याच नियमाने कळत नाही. नाम कधीही एकटं शिकवू नका. ‘मोठं घर’, ‘मोठी खिडकी’, ‘मोठा दरवाजा’ असं विशेषण जोडूनच भिंतीवर लावा. दुसरी अडचण शब्दाच्या शेवटाची. तेलुगू शब्द बहुधा स्वरावर संपतात: इल्लु, चेट्टु, नीळ्ळु. म्हणून ‘घर’, ‘झाड’ वाचताना शेवटी स्वर लागतो. ही वाचनाची चूक धरून मुलाला खालच्या गटात टाकू नका. तिसरी भूतकाळाची. ‘मी पोळी खाल्ली’ यात क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं, हे तेलुगूत नाही. मूल ‘मी पोळी खाल्लो’ म्हणेल. तसं तर इथल्या बोलीतही सर्रास ऐकू येतं, त्यामुळे बोलताना टोकू नका. लिहिताना, चौथीपासून, शांतपणे दाखवा.

पहिली-दुसरीच्या ३७ मुलांसाठी दोन्ही भाषा येणारी एक आई रोज तासभर वर्गात बसली तर सहा महिन्यांत चित्र बदलतं. गोष्ट आधी तेलुगूत, दुसऱ्या दिवशी तीच मराठीत, तिसऱ्या दिवशी मुलांनी चित्र काढून मराठीत सांगायची. महापालिकेच्या तेलुगू आणि कन्नड माध्यमाच्या शाळा शहरात आहेतच. तिथल्या पहिलीच्या वाचनपेटीतली पुस्तकं मागून आणा, खरेदी करायची गरज नाही.

जोडभावी_कडचा

वाचन वगैरे पटतं. पण सेमी इंग्रजीला मागे ढकलाल तर तीन वर्षांनी सुधारायला शाळाच उरणार नाही. मुलगा मागावर जाऊ नये एवढंच पालकाला हवंय, आणि त्याच्या लेखी त्याचा रस्ता इंग्रजीतून जातो. मागावरचा कामगार उचल घेऊन खासगी शाळेची फी भरतो, आणि ती उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही. आपल्या शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू करा, निदान सहावीपासून, आणि पहिलीपासून रोज अर्धा तास बोलायचं इंग्रजी ठेवा. मे महिन्यात गल्लीत फिरताना सांगायला काहीतरी हवं.

वाचनगट

पालकांची निकड खरी आहे, ती डावलून चालणार नाही. सहावीपासून सेमी चालेल, पण दोन अटींवर. एक, विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकवू शकणारा शिक्षक दोन वर्षं तरी जागेवर राहील याची खात्री. बदली झाली की मुलं ना धड मराठीत राहतात ना इंग्रजीत. दोन, पाचवीच्या उन्हाळ्याआधी प्रत्येक मूल मराठीत गोष्टीच्या पातळीवर आलेलं असावं. संकल्पना मराठीत सांगायची, संज्ञा दोन्हींत लिहायच्या, धड्यामागे दहा-बारा संज्ञा, भिंतीवर. रोजच्या अर्ध्या तासाच्या बोलीइंग्रजीला माझा पूर्ण पाठिंबा, ते याच जूनला सुरू करा.

हिशेबवही

पट आणि पैसा यावर लिहितो, कारण आराखडे इथे लंगडे पडतात.

तुमचा पहिली ते पाचवीचा पट ९१ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक, ९१ ते १२० ला चार. म्हणजे तुम्ही बरोबर उंबऱ्यावर उभे आहात. एका मुलाच्या आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळली नाही आणि ते ‘वैध’ ठरलं नाही, तर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकपदं ठरवतात त्यात) ९० मोजले जाऊ शकतात आणि एक पद जातं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर नवं पद मिळवणं आणखी अवघड झालंय, त्यामुळे असलेलं पद टिकवणं हेच मोठं काम. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. म्हणून जुलैतच समितीने यादी घेऊन बसावं: कोणाचं आधार नाही, कोणाचं जुळत नाही. तेलुगू आडनावं या ठिकाणी सर्वात जास्त त्रास देतात. आधारवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, शाळेत तिसरं. जन्मदाखला प्रमाण धरून बाकीचं त्याला जुळवा. मात्र लक्षात ठेवा, आधार किंवा वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेश आज, कागद मागाहून.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे येतं: ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. तुमच्या पटाला ५०,००० बसतात आणि त्यातले किमान १० टक्के, म्हणजे ५,०००, स्वच्छतेवर. पट १०० पर्यंत घसरला की रक्कम निम्मी. रंगरंगोटी यातून काढायचा मोह होतो. मी आधी मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, नळ आणि दिवा बघेन. सहावी-सातवीच्या मुलींची गैरहजेरी त्या कडीशी जोडलेली असते.

आहाराचं मोजमाप आयांच्या हातात द्या. पहिली ते पाचवी प्रति मूल १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावीपासून १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. पूर्ण हजेरी धरली तर तुमच्याकडे रोज १६ किलो १५० ग्रॅम तांदूळ आणि ३ किलो २३० ग्रॅम डाळ शिजायला हवी. अन्न बाहेरून शिजून येत असेल तर किती डबे आले, किती मुलं जेवली, किती उरलं एवढी तीन आकड्यांची वही पुरते. आई सकाळी विड्या द्यायला गेलेली असते, पोरगं चहा-बटरवर शाळेत येतं. जेवणाची सुट्टी अर्धा-पाऊण तास अलीकडे घेतली तर त्यानंतरचा गटवाचनाचा तास जिवंत होतो. हा बदल फुकट आहे.

वेळेचं आणखी एक. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन शाळा भरत असतील तर फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाप्रमाणे चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याप्रमाणे खोल्या वाटून घ्या.

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात, हे कागदावर सगळीकडे असतं. बैठक दुपारी तीनला ठेवली की मागावरचा माणूस येऊ शकत नाही, त्याचा खाडा पडतो. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, गल्लीतच, चाळीस मिनिटं. विषय तीनच: मागच्या महिन्यात किती दिवस गटवाचन झालं, कोण मुलं सलग पाच दिवस आली नाहीत, पैसे कशावर गेले. आणि इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून दाखवा, तेलुगूतही. आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. मार्चमध्ये लिहिलेला आराखडा कपाटातच राहतो.

शाव्यस_पूर्वभाग

फार उपयोगी पडतंय. दोन प्रश्न उरले. सातवीनंतर मुलं गळतात, विशेषतः मुली, त्याचं काय? आणि मागाचं प्रशिक्षण शाळेत घ्यावं का?

आठवीनंतर

मागाच्या प्रशिक्षणाला माझा स्पष्ट विरोध. ज्या मागावर बाप आज काम करतो तो माग पोरगं अठराचं होईपर्यंत असेल की नाही, हे मालकालाही सांगता येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला कांड्या भरायला शिकवणं म्हणजे त्याला त्याच गल्लीत बांधून ठेवणं. शाळेने पुढचा धंदा ओळखायच्या भानगडीत पडू नये. मोजमाप, टक्केवारी, आलेख, विजेचा साधा परिपथ, एक पानभर सूचना वाचून तसं करणं, हे ज्याला येतं तो पुढे रॅपियरवर, इलेक्ट्रिशियनच्या कामात किंवा हिशेबात कुठेही शिरू शकतो. वस्तीतलं काम वर्गात आणायचं तर गणितातून आणा. आईच्या पगाराचा हिशेब घ्या: २५ विड्यांचा कट्टा धरला तर हजाराला कट्टे ४०. विडी उद्योगात भविष्यनिर्वाह निधीची कपात १० टक्के, इतर बहुतेक ठिकाणी १२. सातवीच्या मुलीने आईच्या पावतीवरची कपात तपासून दाखवली की शेकडेवारीचा धडा झाला, आणि घरातही तिचं शिक्षण दिसलं.

गळतीबद्दल. तुमची शाळा सातवीला संपते आणि कायद्याचा हक्क आठवीपर्यंत आहे, म्हणजे तुटण्याची पहिली जागा तुमच्या दारातच आहे. दाखला हातात देऊन मोकळं होऊ नका. एप्रिलमध्येच सातवीच्या सगळ्या मुलांना जवळच्या हायस्कूलमध्ये एकत्र घेऊन जा, अर्ज तिथेच भरा, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात समितीतल्या दोघींनी जाऊन त्या शाळेच्या हजेरीपटावर नावं आहेत का ते बघा. यादीतलं एखादं नाव नसेल तर त्याच संध्याकाळी घरी. जुलै उजाडला की मुलगी घरी विड्यांना बसलेली असते आणि मग तिला उठवणं कठीण.

पैशाच्या वाटा तीन. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती: परीक्षा आठवीत, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. सातवीला ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५०), म्हणजे तयारी तुमच्याच शाळेत सुरू व्हायला हवी. दोन पेपर, ९०-९० गुणांचे, बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय. सातवीत आठवड्याला दोन तास बौद्धिकचे पुरतात. दुसरी, विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती, पहिलीपासून, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा ओळखपत्रावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव वेगळं म्हणून. तिसरी, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. पद्मशाली समाज राज्यात विशेष मागास प्रवर्गात येतो, त्यातल्या पाचवी ते दहावीच्या मुलींना ती मिळते. रक्कम छोटी, पण तिच्या निमित्ताने जातीच्या दाखल्याचं काम लवकर सुरू होतं, आणि खरी किंमत त्याची आहे.

या दाखल्यावर जरा थांबतो. विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. तेलंगणातून आलेल्या कुटुंबांकडे जमीन नव्हती, त्यामुळे सातबारा नाही. गिरणीत किंवा मागावर काम केलं त्याचे कागद नाहीत. उरतो एकच भक्कम पुरावा: आजोबा किंवा चुलत आजोबा पालिकेच्या ज्या शाळेत दोन-चार वर्षं गेले तिथलं जनरल रजिस्टर. तुमची शाळा जुनी असेल तर ते रजिस्टर कपाटात किंवा माळ्यावर आहे, बांधणी सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई उडत चाललेली. १९६७ पूर्वीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, उन्हात नाही, सावलीत, आणि पान दाबायला काच ठेवा. मग वहीत सूची करा: अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात जशी लिहिली तशी, वर्ष. ‘पद्मशाली’, ‘पद्मसाळी’, ‘साळी’, ‘तेलंगी’ असं काहीही सापडेल. आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही, मूळ रजिस्टरात तर एक काना-मात्राही लावायची नाही. पुढे जात पडताळणीत खाडाखोड दिसली की सगळी नोंदच संशयास्पद ठरते. मुख्याध्यापकांनी सहीशिक्क्याचा उतारा मागणाऱ्याला द्यावा. एका शाळेचं रजिस्टर किती घरांना आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या राखीव जागेपर्यंत नेतं याचा अंदाज समितीला नसतो. बंद झालेल्या शाळांची रजिस्टरं कोणत्या शाळेकडे वर्ग झाली हेही महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आत्ताच लेखी विचारा.

सुटलेल्या मोठ्या मुलांसाठी: चौदाच्या आतलं मूल कधीही परत आलं तर वयानुरूप वर्गात बसवायचं आणि विशेष प्रशिक्षण द्यायचं, हा कायद्याचा नियम. त्याहून मोठ्यांना दहावी खासगी उमेदवार म्हणून १७ नंबर अर्जाने देता येते. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये बहुतेक ट्रेडला दहावी लागते, म्हणून नववी-दहावी तुटू न देणं हाच मार्ग. सातवी-आठवीच्या मुलांना वर्षातून एकदा तिथली कार्यशाळा दाखवा. फिटर, इलेक्ट्रिशियन हे शब्द त्यांना ऐकून माहीत असतात. व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणणारा मुलगा त्यांच्या वयाहून तीन वर्षांनीच मोठा आहे, हे डोळ्यांनी दिसायला हवं.

कुंभारी_मार्ग

राहिलेला मुद्दा रे नगरचा. १९ जानेवारी २०२४ ला तिथली १५,००० घरं दिली गेली, योजनेत आणखी घरं आहेत. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, त्याच बाजूला विडी कामगारांची १०,००० घरं झाली. म्हणजे पूर्व भागातली कुटुंबं शहराबाहेर सरकणं काही वर्षं चालूच राहणार. हे आराखड्यात गृहीत धरा.

मूल महापालिकेच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जातं तेव्हा कागदावर मध्येच लटकतं. जुन्या शाळेने यूडायसवर (शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) ‘शाळा सोडली’ नोंद केली नाही तर नव्या शाळेला ते मूल आपल्याकडे ओढता येत नाही. नोंद केली आणि नव्याने घेतलं नाही तर ते ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहतं, आणि कोणाच्याच पटावर नसतं. म्हणून कुटुंब निघताना तीन गोष्टी एका कागदावर लिहून आईच्या हातात द्या: मुलाचा पेन क्रमांक (त्याचा कायमचा अकरा अंकी विद्यार्थी क्रमांक), शाळेचा यूडायस क्रमांक, आणि वाचन-गणिताची शेवटची पातळी. दाखला त्याच दिवशी. दाखला नाही म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, हेही आईला सांगा.

आणि पट टिकावा म्हणून गेलेल्या मुलाचं नाव पटावर ठेवू नका. ९१ च्या उंबऱ्यावर हा मोह होणारच. पण ते मूल तिकडे प्रवेशाविना राहतं, आणि तपासणीत तुमची बाकीची ९० सुद्धा संशयात येतात. त्यापेक्षा गल्लीतल्या अंगणवाडीची यादी घ्या, जूनला पहिलीच्या वयात येणारी मुलं मोजा, आणि कोणत्या घरात तेलुगू बोलणाऱ्या कार्यकर्तीला पाठवायचं ते फेब्रुवारीतच ठरवा.